देवालयाचा रस्ता आणि वारलामचे वारस

तेंगिझ अबुलाद्झे ह्या जॉर्जियन चित्रपट-दिग्दर्शकाचे नाव आपल्यापैकी थोड्यांच्याच कानांवरून गेले असेल; परंतु त्याच्या अखेरच्या चित्रपटातील एक प्रश्न मात्र कर्त्याच्या नावावाचून देशोदेशी फिरत असतो. एक वृद्धा खिडकीपाशी थांबून विचारते, हा रस्ता देवालयाकडे जातो का? घरातली बाई सांगते की हा वारलामचा रस्ता आहे, तो देवालयाकडे जात नाही. मग असला रस्ता हवा कशाला, अशा अर्थाचे काही बोलून ती म्हातारी चालू लागते, आणि चित्रपट संपतो. ईश्वरनिष्ठ माणसाला हा शेवट आवडावा ह्यात नवल नाही. देव न मानणाऱ्या राजवटीच्या पोटात श्रद्धेने मिळविलेला हा विजय होय, असा त्याचा अर्थ लावून पुष्कळ सज्जन संतुष्ट होतात.

आमचा आक्षेप ह्या संतोषाला आहे. अडीच तासांच्या खटल्यातील शेवटचे वाक्य तेवढे उचलायचे आणि पुरावा, साक्षी व आरोपपत्र बासनात बांधून ठेवायचे, ही रीत वकिलाला शोभत नाही आणि भक्तालाही शोभत नाही. म्हातारीचा प्रश्न परक्या नास्तिकाला उद्देशून नाही. तो घरच्या वारसाला उद्देशून आहे. हे ज्याला पटत नसेल त्याने अबुलाद्झेचे सबंध आयुष्य एकदा डोळ्यांखालून घालावे.

अबुलाद्झेचा जन्म ३१ जानेवारी १९२४ चा, पश्चिम जॉर्जियातील कुतैसी ह्या जुन्या नगरीतला. तो तेरा वर्षांचा होता तेव्हा, म्हणजे १९३७ साली, स्तालिनच्या दहशतीने त्याच्या मातृभूमीचे पुरुषरत्न एकेक करून वेचून नेले. कवी तित्सिआन ताबिद्झे मारला गेला. त्याचा मित्र पाओलो याश्विली ह्याने लेखकसंघाच्या वास्तूतच स्वतःवर गोळी झाडून घेतली. रंगभूमीचा थोर दिग्दर्शक सांद्रो आखमेतेली ह्याला गोळ्या घालण्यात आल्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा संहार करणारे बाहेरून आलेले नव्हते. स्तालिनचा जन्म जॉर्जियातील गोरीचा. त्या काळी जॉर्जियाचा पक्षप्रमुख असलेला बेरिया हाही तिकडच्याच मातीतला. मारणारे आणि मरणारे एकाच भाषेत बोलत होते. अबुलाद्झेच्या कलेचे सगळे दुःख ह्या एका वस्तुस्थितीत साठलेले आहे.

तो प्रथम त्बिलिसी येथील नाट्यसंस्थेत व नंतर मॉस्कोच्या चित्रपटसंस्थेत शिकला, आणि १९५३ साली, म्हणजे ज्या वर्षी स्तालिन मेला त्याच वर्षी, शिक्षण संपवून बाहेर पडला. रेझो च्खेइद्झे ह्या मित्राच्या सहकार्याने १९५५ साली त्याने ‘मग्दानाचे गाढव’ हा पहिला कथापट काढला. त्याला पुढल्या वर्षी कान महोत्सवात पारितोषिक मिळाले. कथा साधी आहे. दही विकून पोट भरणाऱ्या एका विधवेच्या मुलांना रस्त्यात टाकून दिलेले मरणोन्मुख गाढव सापडते; ती त्याला जगवतात; ते धडधाकट झाल्यावर मूळचा धनी, एक कोळसेवाला, त्यावर हक्क सांगतो; प्रकरण कचेरीत जाते आणि निकाल त्या धनवंताच्या बाजूने लागतो. पहिल्याच चित्रपटाचा शेवट न्यायासनापुढे! हा योगायोग मानता आला असता. परंतु पुढे तीच गोष्ट पुनःपुन्हा घडते.

१९६७ साली वाझा-प्शावेला ह्या कवीच्या काव्यांवरून त्याने ‘विनवणी’ काढला. डोंगराळ मुलुखातला ख्रिस्ती वीर आलुदा एका मुसलमान शत्रूला समोरासमोरच्या लढाईत मारतो. पण मेलेल्या शत्रूचा उजवा हात कापून आणण्याची कुलरीत पाळायला नकार देतो, इतकेच नव्हे तर त्या शूराच्या आत्म्यासाठी बैल अर्पण करू पाहतो. जमात त्याला वाळीत टाकून बायकामुलांसह बर्फात हाकलून देते. त्याच चित्रपटात पलीकडच्या मुसलमान जमातीतला जोकोला हा अनोळखी ख्रिस्ती पाहुण्याला घरात घेतो आणि गावकरी त्या पाहुण्याला ओढून नेऊन ठार मारतात. दोन धर्म, दोन गावे, आणि न्याय करणारी गर्दी मात्र एकसारखी! १९७६ च्या ‘कल्पवृक्षा’त ही गर्दी आणखी जवळ येते. मारिता ह्या सुंदर मुलीचे लग्न गावचा वडीलधारा ठरवतो. तिचे मन दुसऱ्यावर असल्याचे उघड होताच तिला गाढवावर उलटे बसवून चिखलातून धिंड काढण्यात येते, आणि सगळा गाव तिच्यावर चिखल फेकतो. परंपरेच्या नावाने, शिष्टाचाराच्या नावाने, देवाच्या साक्षीने.

कचेरीचा न्यायाधीश, जमातीची सभा, गावचा पंच: अशी तीन न्यायासने अबुलाद्झेने आपल्यापुढे मांडली, आणि तिन्ही ठिकाणी शिक्षा झाली ती निरपराध्याला. उरले चौथे. ते ‘मोनानिएबा’त, म्हणजे ‘पश्चात्तापा’त, येते. देवालयाचा प्रश्न विचारणारी म्हातारी ती ह्याच चित्रपटातली.

नाना जानेलिद्झे व रेझो क्वेसेलावा ह्यांच्या साह्याने लिहिलेला हा चित्रपट १९८४ साली पुरा झाला. कथेचा प्रारंभ एका थोर नगराध्यक्षाच्या अंत्ययात्रेने होतो. वारलाम अराविद्झे ह्याला मोठ्या सन्मानाने मूठमाती देतात; पण दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत मुलाच्या, आबेलच्या, बागेत झाडाला टेकून उभे! पुन्हा पुरतात, पुन्हा तेच. थडग्याला कुलूपबंद पिंजरा घालतात तरी उपयोग होत नाही. शेवटी नातू तोर्निके पाळतीवर बसून गोळी झाडतो आणि खणणारी सापडते. ती केतेवान बाराटेली नावाची स्त्री असते. न्यायालयात ती सांगते की कृत्य मी केले, पण गुन्हा केला हे मला मान्य नाही. मी जिवंत आहे तोवर हा मनुष्य मातीत सुखाने झोपणार नाही. मग तिच्या साक्षीतून मागचा काळ उलगडतो. तिचा बाप सांद्रो हा चित्रकार. प्राचीन चर्चमध्ये यंत्रांचे प्रयोग चालू असल्याने ती पवित्र वास्तू हादरते आहे, ते थांबवावे, एवढीच त्याची विनंती. त्या विनंतीपायी बाप गेला, पाठोपाठ आई गेली, आणि ती वास्तूही सुरुंगाने उडवून देण्यात आली.

वारलामचे सोंग तर पाहण्यासारखे आहे. मिशी हिटलरची, नाकावरचा चष्मा बेरियाचा, काळा सदरा मुसोलिनीचा. अराविद्झे हे आडनावही ‘कोणीच नाही’ अशा अर्थाच्या जॉर्जियन शब्दावरून बनविलेले. जो कोणाचाच नाही तो कोणाचाही असू शकतो. त्याच्या कारभारातील कबुलीजबाबांचा एक नमुना तर आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचतो. सांद्रोचा मित्र मिखाइल, छळाने खचलेला, कबूल करतो की आम्ही मुंबईपासून लंडनपर्यंत भुयार खणण्याचा कट केला होता. ऐकणाऱ्याला हसू येते. परंतु १९३७ च्या खऱ्या खटल्यांतील कबुल्या ह्याहून फारशा शहाणपणाच्या नव्हत्या. भुयार जितके अशक्य तितका गुन्हा मोठा, आणि पुरावा म्हणून आरोपीची सही पुरेशी. कबुलीजबाबावरच ज्या न्यायाची इमारत उभी राहते तिथे काय पिकते हे त्या एका भुयाराने जितके कळते तितके कायद्याच्या ग्रंथानेही कळत नाही.

आता आमच्या प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू या. तो म्हणेल, मेलेल्याला उकरणे हे आपल्या संस्कृतीला शोभत नाही. रावण पडल्यावर प्रत्यक्ष रामचंद्रांनी बिभीषणाला सांगितले की मरणाबरोबर वैर संपले, आता भावाचे अंत्यसंस्कार कर. मग ह्या केतेवानबाईचे कौतुक कसले? कायदाही तिच्या विरुद्धच आहे. मृतांच्या जागेत शिरून विटंबना करणे हा १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता आणि तिची जागा घेणाऱ्या २०२३ च्या न्यायसंहितेप्रमाणेही तो गुन्हाच आहे.

आक्षेप वजनदार आहे. तो टाळण्याचा आमचा विचार नाही. इतिहासात प्रेतांवर खटले झाले आहेत आणि ते सर्व किळसवाणे आहेत. ८९७ साली रोममध्ये फॉर्मोसस ह्या मृत पोपचे प्रेत उकरून, वस्त्रे नेसवून, आसनावर बसवून त्याचा न्याय करण्यात आला. १६६१ साली इंग्लंडात क्रॉमवेलचे प्रेत फासावर लटकविले. परंतु त्या दोन्ही ठिकाणी खणणारा सत्ताधारी होता. सत्तेवर नवा आलेला माणूस जुन्याचा सूड घेत होता. केतेवानच्या हाती सत्ता नाही. ती स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे, आणि तिला वेडी ठरवून दवाखान्यात कोंडण्याचा वारसदारांचा बेत शिजतो आहे. तिला वारलामला शिक्षा करायची नाही. त्याचा खोटा सन्मान तेवढा तिला मोडायचा आहे. रामायणातील दाखला तर प्रतिपक्षाच्या उपयोगी मुळीच पडत नाही. वैर संपले हे वाक्य रामाने उच्चारले ते रावणाचा अपराध सर्वांसमक्ष सिद्ध झाल्यावर. अंत्यसंस्कार करणारा बिभीषण हा भावाला त्याच्या जिवंतपणी तोंडावर अधर्म म्हणणारा पुरुष होता. आबेलने बापाला एकदा तरी तसे म्हटले काय? बिभीषणाने मृताला अग्नी दिला. आबेलने मृताच्या कीर्तीवर आपली खुर्ची टेकविली. ह्या दोघांना एका पंक्तीत बसविणे हा रामचंद्रांचाही अपमान आहे.

मग आबेल स्वतःचा बचाव काय करतो? तोच, जो प्रत्येक देशात प्रत्येक वारस करतो. काळच तसा होता. वडिलांनी स्वहस्ते कोणाला मारले नाही. समाजाचे हित पाहताना एखाद-दुसऱ्याचे नुकसान व्हायचेच. ह्या बचावाला उत्तर द्यायला आम्हाला परक्या शास्त्राकडे जाण्याची गरज नाही. आरोपीच्या मृत्यूबरोबर फौजदारी खटला संपतो, हे खरे. पण ऋण संपत नाही. जो मृताची इस्टेट घेतो त्याच्यामागे त्या इस्टेटीपुरते कर्जही येते. आमच्या जुन्या हिंदू कायद्याने तर ह्याहून पुढे जाऊन पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्म्य कर्तव्य मानले होते. २००५ च्या दुरुस्तीने नव्या ऋणांपुरते ते बंधन न्यायालयातून काढून टाकले, धर्मबुद्धीतून नव्हे. आबेलने बापाचे घर घेतले, मान घेतला, गावातले स्थान घेतले. मग देणेकरी दाराशी आली तेव्हाच त्याला वारसा नकोसा का व्हावा?

येथे एखादा कायदेपंडित आम्हाला अडवील: पुत्रावर पित्याच्या अव्यावहारिक ऋणाचे, म्हणजे पापकर्मासाठी केलेल्या ऋणाचे, ओझे कधीच नव्हते. बरोबर आहे. परंतु तो अपवाद ज्याला मिळवायचा त्याने न्यायालयात उभे राहून स्वतः सिद्ध करावे लागे की माझ्या बापाचे ते कृत्य पापाचे होते. सिद्धतेचा भार पुत्रावर! किती शहाणी तरतूद आहे पाहा. सुटका हवी असेल तर पापाला पाप म्हण. पाप म्हणायचे नसेल तर ऋण फेड. आबेलला ह्यातले काहीच नको. बाप थोर होता असेही म्हणायचे, आणि देणे लागत नाही असेही म्हणायचे. जगातील कोणत्याही दिवाणी न्यायालयात हा कैफियतीचा मसुदा पहिल्याच तारखेस फेटाळला जाईल.

ह्या दुटप्पीपणाची शिक्षा अबुलाद्झे ज्या तऱ्हेने दाखवतो तिला तोड नाही. अव्तांदिल माखाराद्झे हा एकच नट वारलाम आणि आबेल ह्या दोन्ही भूमिका करतो. चेहरा तोच, मिशी तेवढी उतरलेली. आबेल अंधारात कोणापुढे तरी मन मोकळे करू पाहतो. समोरचा मनुष्य मासा खात ऐकत असतो. आणि उजेड पडतो तेव्हा कळते की तो वारलामच! जो आपल्या सोयीचा गुरू गाठून कबुली देतो त्याची कबुली अखेर आरोपीलाच पोहोचते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीचे उपाय सांगताना अनुतापाच्याही आधी उच्चार मांडला आहे, तप व दान त्यानंतर. आधी चारचौघांत बोल, मग रड, मग दान कर. आपण बहुधा दानापासून सुरुवात करतो. आबेलला बोलता आले नाही म्हणून किंमत मोजली ती त्याच्या मुलाने. आजोबांनी दिलेल्या बंदुकीने तोर्निके स्वतःचा जीव घेतो. तेव्हा कुठे आबेल बापाचे प्रेत स्वतःच्या हाताने उकरतो आणि कड्यावरून फेकून देतो. उशीर फार झालेला असतो.

कोणी म्हणेल, हा दिग्दर्शक तरी कुठला धुतल्या तांदळासारखा? राजवटीने १९८० साली त्याला लोककलावंताची पदवी दिली. जॉर्जियाचा तेव्हाचा पक्षप्रमुख एडुआर्ड शेवर्दनाद्झे ह्याच्या आश्रयाने हा चित्रपट निघाला. खरे आहे. त्याहून कठोर गोष्टही सांगतो. तोर्निकेच्या भूमिकेसाठी प्रथम निवडलेला तरुण नट गेगा कोबाखिद्झे हा १८ नोव्हेंबर १९८३ रोजी देशाबाहेर पळण्यासाठी विमान पळविणाऱ्या टोळीत होता. त्या प्रकारात निरपराध माणसे मेली. पुढल्या वर्षी त्याला देहान्त शासन झाले, आणि विमानात नसलेल्या एका धर्मगुरूलाही कटाचा सूत्रधार ठरवून त्याच शिक्षेस पात्र ठरविण्यात आले. भूमिका मग मेराब निनिद्झेने केली. जुलमी न्यायाचे चित्र काढणाऱ्या कलावंताच्या डोक्यावर त्याच राज्याचे न्यायासन चालू होते, आणि त्या राज्याचा प्रमुखच त्याचा आश्रयदाता होता. पण ह्यावरून चित्रपट खोटा ठरत नाही. उलट तो परक्याविरुद्ध लिहिलेला नाही एवढेच सिद्ध होते. चित्रपट दोन वर्षे कपाटात राहिला. १९८६ च्या अखेरीस त्बिलिसीत व जानेवारी १९८७ मध्ये मॉस्कोत तो उघडपणे दाखविला गेला. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. १९९४ च्या मार्चमध्ये अबुलाद्झे वारला.

आता त्या म्हातारीकडे वळू. ती भूमिका वेरिको आंजापारिद्झे ह्या जॉर्जियन रंगभूमीच्या सम्राज्ञीने केली आहे. चित्रपट मॉस्कोत पोहोचला त्याच महिन्याच्या अखेरीस ती वारली. तिचा पती कोण होता? मिखाइल चिआउरेली, ‘बर्लिनचा पाडाव’ ह्या चित्रपटात स्तालिनला शुभ्र वेषात विमानातून अवतरणारा देवदूत करून दाखविणारा, पुनःपुन्हा स्तालिन-पारितोषिके मिळविणारा दिग्दर्शक. म्हणजे वारलामच्या रस्त्याची फरशी ज्या घरात घडविली गेली त्याच घरातली गृहिणी विचारते आहे की हा रस्ता देवालयाकडे जातो का! हे ठाऊक झाल्यावर तो प्रश्न पूर्वीसारखा गोड वाटत नाही. तो घरातून घराला विचारलेला आहे. ज्यांची कुलदैवते सोळाव्या शतकात नदी ओलांडून न्यावी लागली त्या गोव्यातील वाचकांना सांद्रोच्या उद्ध्वस्त चर्चविषयी आपोआप कळवळा येईल, आणि तो यावाच. परंतु अबुलाद्झे तेवढ्यावर थांबू देत नाही. तो म्हणतो, सांद्रोशी नाते सांगणे सोपे. आबेलशी असलेले नाते आधी तपासा.

आणि देवालय तरी आपोआप निर्दोष राहते काय? चित्रपट पुरा झाल्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा, जानेवारी २०२४ मध्ये, त्बिलिसीच्या भव्य त्रिमूर्ती महाचर्चमधील एका मूर्तिचित्रात संत मात्रोनासमवेत स्तालिन रंगविलेला आढळला. एका राजकीय पक्षाच्या नेत्यांनी ते अर्पण केले होते. एका स्त्रीने त्यावर रंग फेकला. पूजेच्या वस्तूवर रंग फेकणे आम्हाला मान्य नाही, हे स्पष्ट सांगतो. पण जमाव चालून गेला तो तिच्या घरावर. कारवाई झाली ती तिच्यावर. आणि ज्याच्या राजवटीत चर्चे उडविली गेली त्याला चर्चच्या भिंतीवर कोणी नेऊन बसविले, हा प्रश्न मागे पडला. चर्चच्या वरिष्ठांनी पुढे ते चित्र बदलून घेण्यास सांगितले, ही गोष्ट त्यांच्या बाजूची म्हणून नोंदविली पाहिजे. तरीही, आरोपीच्या पिंजऱ्यात एक स्त्री आणि मखरात वारलाम, हा देखावा अबुलाद्झेने १९८४ सालीच काढून ठेवला होता.

तेव्हा, सुज्ञ वाचकहो, रस्ता देवालयाकडे जातो की नाही हे रस्त्याच्या शेवटी कळस दिसतो की नाही यावरून ठरत नाही. कळस वारलामही बांधून देईल. त्याला हवे असते ते एवढेच की कळसाखाली त्याचे नाव कोणी उकरू नये. देवालयाकडे जाणारा रस्ता न्यायालयातून जातो, आणि त्या न्यायालयात वारसाने स्वतःच्या पित्याविरुद्ध साक्ष द्यावयाची असते. ज्याला ती साक्ष द्यायची नसेल त्याने म्हातारीचा प्रश्न व्याख्यानात सांगू नये. कारण ते वाक्य त्याच्या बाजूच्या साक्षीदाराचे नाही.